मगनवाडीतील सोयाबीन ते कुक्कुटखाद्यातील विकरे : वर्धा जिल्ह्यातील धान्य, ढेप आणि कोंबडी यांचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

मांसल कोंबड्यांच्या खाद्यात विकरे, म्हणजेच एन्झाइम, मिसळण्याचा विषय आपल्याकडे पशुआहारशास्त्राच्या किंवा जीवरसायनशास्त्राच्या वर्गात शिकविला जातो. इतिहासाच्या अभ्यासकाने त्यात लक्ष घालावे असे सहसा कोणास वाटत नाही. तथापि कोंबडीच्या खाद्यात कोणते धान्य जाते, कोणते वगळले जाते आणि वगळलेल्या धान्याच्या शेताचे पुढे काय होते, हे प्रश्न केवळ रसायनशास्त्राचे नाहीत. वर्धा जिल्ह्यापुरते बोलायचे झाल्यास त्यांचा संबंध गेल्या नव्वद वर्षांच्या कृषी व आर्थिक इतिहासाशी येतो.

या इतिहासात एक विसंगती ठळकपणे दिसते. सोयाबीन हे कडधान्य १९३५ मध्ये वर्ध्यात आणले गेले ते गरिबाच्या ताटात स्वस्त प्रथिन यावे म्हणून. तो प्रयोग रुजला नाही. पुढे साठेक वर्षांनी तेच सोयाबीन जिल्ह्याच्या शिवारात पसरले, पण ते ताटासाठी नव्हे. तेल काढून उरलेली त्याची पेंड मुख्यतः कोंबडीच्या खाद्यात आणि निर्यातीत गेली. माणसाच्या अन्नात ज्याला जागा मिळाली नाही त्याला कोंबडीच्या अन्नात ती कशी मिळाली, आणि या स्थित्यंतरात वऱ्हाड-नागपूर पट्ट्याचे मूळ धान्य असलेली ज्वारी कोठे गेली, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

खळ्यावरची कोंबडी

वर्धा जिल्ह्याची निर्मिती १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्याचा पश्चिम भाग वेगळा करून झाली. मुख्य ठाणे प्रारंभी पुलगावजवळील कवठा येथे होते. १८६६ मध्ये पालकवाडी या खेड्याच्या जागी वर्धा शहर वसविण्यात आले. काळ्या कसदार जमिनीचा हा प्रदेश कापूस आणि ज्वारी या जोडपिकांवर उभा होता. हिंगणघाटचा कापूस त्या नावानेच परदेशी बाजारात ओळखला जाई. कापूस पैशासाठी आणि ज्वारी पोटासाठी, अशी ही विभागणी होती. ज्वारीचा दाणा माणसाला, कडबा बैलाला आणि सरकी किंवा सरकीची ढेप दुभत्या जनावराला, असा हिशेब घरोघर चाले.

या हिशेबात कोंबडीचे नाव कोठेच नव्हते. रसेल यांनी १९०६ मध्ये सिद्ध केलेल्या जिल्हा गॅझेटिअरसारख्या दस्तऐवजांत शासनाचे लक्ष पीक, सारा आणि गोधन यांवर आहे. आर्वी भागातील गौळाऊ गाईबैलांची कीर्ती दूरवर होती. कोंबडी मात्र महसुलाच्या दृष्टीला पडण्याइतकी मोठी नव्हती. ती खळ्यावर सांडलेला दाणा, जात्याभोवतीचा कोंडा, उकिरड्यावरील किडे आणि परसातील पाला यांवर जगे व रात्री डालग्याखाली झाकली जाई. तिच्या खाद्यावर कोणी पैसा खर्च करीत नसल्याने तिला काय पचते आणि काय पचत नाही, हा प्रश्न कोणाला पडलाच नाही. धान्यातून न मिळणारे स्फुरद तिला किड्यांतून मिळे. आजच्या परिभाषेत ज्याला संतुलित आहार म्हणतात तो ती स्वतः वेचून घेई, आणि त्यासाठी लागणारा वेळ तिच्यापाशी होता. पाच-सहा आठवड्यांत दोन किलो वजन भरण्याची सक्ती तिच्यावर नव्हती.

मगनवाडीचा प्रयोग

ऑक्टोबर १९३४ मध्ये मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनात ठराव झाला व डिसेंबर १९३४ मध्ये वर्धा येथे अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या बागेच्या जागेत संघाचे मुख्यालय सुरू झाले. मगनलाल गांधी यांच्या स्मरणार्थ त्या जागेस मगनवाडी हे नाव देण्यात आले. जे. सी. कुमारप्पा हे संघाचे मंत्री होते आणि १९३६ मध्ये सेगावला जाईपर्यंत गांधीजींचा मुक्काम तेथे होता. हातसडीचा तांदूळ, जात्याचे पीठ, गूळ, घाणीचे तेल, मधमाशापालन ही संघाची कार्यक्रमपत्रिका सर्वपरिचित आहे. तिच्यामागे पोषणशास्त्राचा जो पाया होता त्याकडे मात्र तितकेसे लक्ष दिले जात नाही.

हातसडीच्या तांदळाचा आग्रह हा केवळ यंत्रविरोधाचा भाग नव्हता. सडलेल्या, पांढऱ्या तांदळावर जगणाऱ्यांना बेरीबेरी होतो हे ज्ञान तोपर्यंत स्थिर झाले होते, आणि त्या ज्ञानाच्या मुळाशी कोंबड्या होत्या. डच वैद्य ख्रिस्तिआन आइकमान यांना जावा बेटावरील बटाव्हिया येथे १८९० च्या सुमारास असे आढळले की, शिजवलेल्या पांढऱ्या भातावर ठेवलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंड्यासह तांदूळ दिल्यास त्या बऱ्या होतात. या कामासाठी त्यांना १९२९ मध्ये नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. मगनवाडीच्या शाकाहारी स्वयंपाकघरातील एका मुख्य तत्त्वाचा उगम अशा रीतीने कोंबडीच्या खुराड्यात सापडतो. स्वतः गांधीजींनी १९४२ मध्ये लिहिलेल्या ‘आरोग्याची किल्ली’ या पुस्तिकेत निर्जीव, म्हणजे ज्यातून पिलू निघत नाही अशा, अंड्याबद्दल दूध घेणाऱ्याने हरकत घेण्याचे कारण नाही अशी भूमिका मांडली होती. कोंबडी हा विषय सेवाग्रामला अगदीच परका नव्हता, एवढे यावरून म्हणता येते. तरीही संघटित प्रयत्न झाला तो गाईसाठी. १९४१ मध्ये जमनालालजींनी गोसेवा संघाचे काम हाती घेतले, आणि जनावराच्या खाद्याचा शास्त्रीय विचार वर्ध्यात गाईपुरताच राहिला.

याच मगनवाडीत १९३५ मध्ये सोयाबीनचा प्रयोग झाला. बडोदा संस्थानात या पिकाचा प्रसार चालू होता. तेथील एफ. एस. काळे यांचे सोयाबीनवरील इंग्रजी पुस्तक १९३६ मध्ये बडोद्यातूनच प्रसिद्ध झाले. मगनवाडीत सोयाबीन शिजवून रोजच्या जेवणात दिले जाई आणि त्याविषयीचे अनुभव व माहिती ‘हरिजन’मधून छापली जाई. सुमारे चाळीस टक्के प्रथिन आणि अठरा ते वीस टक्के तेल असलेला हा दाणा दूध-तूप न परवडणाऱ्या माणसाला उपयोगी पडेल, ही अपेक्षा रास्तच होती. (त्याच पंगतीत कडुनिंबाचा पाला आणि पेंडही वाढली जात असे. पाहुण्यांना सोयाबीनचे त्यामानाने काही वाटले नसावे.)

प्रयोग पुढे का सरकला नाही? चव आणि सवय ही कारणे नेहमी दिली जातात व ती खोटी नाहीत. तूर आणि उडीद यांच्या मुलखात लवकर न शिजणारा, उग्र वासाचा दाणा कोण पत्करील? परंतु प्रस्तुत लेखकाच्या मते त्याहून महत्त्वाची कारणे दोन आहेत आणि दोन्ही तांत्रिक आहेत.

पहिले कारण घाणीचे. झवेरभाई पटेल यांनी मगनवाडीत सुधारलेली ‘वर्धा घाणी’ पुढे देशभर गेली. ती तीळ, भुईमूग, जवस यांसाठी योग्य होती, कारण या बियांत चाळीस ते पन्नास टक्के तेल असते. पेंडीत दहा-बारा टक्के तेल राहिले तरी घाणीवाल्याचे भागे. सोयाबीनमध्ये मुळातच तेल वीस टक्क्यांपर्यंत. त्यातले निम्मे पेंडीतच अडकले तर बैलाच्या कष्टाचेही मोल निघत नाही. सोयाबीनचे तेल किफायतशीरपणे काढायचे तर हेक्झेनसारख्या द्रावकाचा कारखाना हवा. अर्थात हे पीक ग्रामोद्योगाच्या चौकटीत बसणारेच नव्हते, आणि ही गोष्ट ग्रामोद्योगाच्या राजधानीतच प्रथम अनुभवास यावी यात काही नवल नाही.

दुसरे कारण उष्णतेचे. कच्च्या सोयाबीनवर उंदीर वाढत नाहीत, शिजवल्यावर वाढतात, हे ऑसबोर्न व मेंडेल यांनी १९१७ मध्येच दाखविले होते. त्यामागील द्रव्य, म्हणजे ट्रिप्सिन या पाचक विकराला अडविणारे प्रथिन, कुनिट्झ यांनी १९४५ मध्ये वेगळे केले. हा दाणा स्वतःच्या पचनाला स्वतःच अडथळा करतो. तो अडथळा दूर करण्यास पुरेसे इंधन लागते. सरपणाची टंचाई असलेल्या घरात ही अट साधी नव्हती. द्रावक कारखान्यात मात्र पेंडीतील हेक्झेन उडवून लावण्यासाठी जी वाफ देतात तिनेच ट्रिप्सिनरोधकही बव्हंशी नष्ट होतो. चुलीवर जे महाग पडत होते ते कारखान्यात जवळजवळ फुकट झाले.

विकरांचा प्रवास

आता कोंबडीच्या पोटाकडे वळू. पक्ष्याला दात नाहीत. पेषणीत दाणा दळला जातो आणि पुढे स्वतःच्या विकरांनी पिष्ट, प्रथिन व स्निग्धांश पचतो. परंतु वनस्पतीच्या पेशीभित्तिकेतील पिष्टेतर शर्करा आणि फायटेटच्या रूपात बांधलेले स्फुरद यांच्यासाठी लागणारी विकरे तिच्यापाशी जवळजवळ नसतात. बाहेरून विकर द्यावे ही कल्पना १९२५ च्या सुमारास अमेरिकेत क्लिकनर व फॉलवेल यांनी बुरशीपासून केलेल्या मिश्रणावर करून पाहिली. तिला खरे बळ मिळाले ते १९५७ मध्ये, वॉशिंग्टन राज्यात. तेथे बार्ली स्वस्त व मुबलक होती, पण तिच्यावर पिले वाढत नसत आणि त्यांची विष्ठा चिकट होई. बार्लीतील बीटा-ग्लुकॅन आतड्यात चिकटा निर्माण करतो. जेन्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी विकर मिसळून बार्लीचे पोषणमूल्य वाढते हे दाखवून दिले. १९८४ मध्ये फिनलंडमध्ये हेच तत्त्व व्यापारी स्वरूपात आले. तेथेही कारण बार्लीच होते. पुढे गव्हासाठी झायलनेज आले.

या घटनाक्रमाचा ऐतिहासिक अर्थ लक्षात घेण्याजोगा आहे. विकरांचा जन्म स्थानिक धान्याला कोंबडीच्या खाद्यात जागा मिळवून देण्यासाठी झाला. जेथे मका पिकत नव्हता तेथे आपल्या शेतातल्या बार्लीला मक्याच्या जवळ नेऊन बसविण्याचे ते साधन होते.

फायटेजची कथा निराळी आहे. हे विकर १९०७ मध्ये सुझुकी, योशिमुरा व ताकाइशी या जपानी संशोधकांनी भाताच्या कोंड्यात शोधले. म्हणजे ज्या कोंड्यासाठी मगनवाडीने आग्रह धरला त्याच कोंड्यात. धान्य व पेंडी यांतील सुमारे दोन तृतीयांश स्फुरद फायटेटमध्ये अडकलेले असते. नेल्सन व सहकाऱ्यांनी १९६८ ते १९७१ या काळात फायटेज देऊन ते कोंबडीस उपलब्ध होते हे सिद्ध केले. परंतु उत्पादनखर्च परवडेना म्हणून ते वीस वर्षे प्रयोगशाळेतच राहिले. १९९१ मध्ये नेदरलंड्समध्ये ते बाजारात आले ते विष्ठेतील स्फुरदाने जमीन व पाणी दूषित होऊ नये म्हणून. भारतात ते स्वीकारले गेले ते मात्र प्रामुख्याने डायकॅल्शियम फॉस्फेटचा खर्च वाचविण्यासाठी. किलोमागे पाचशे एकके या प्रमाणात मिसळलेल्या चिमूटभर भुकटीने खनिज स्फुरदाची मात्रा बरीच कमी होते. एकच वस्तू एका देशात पर्यावरणाच्या कायद्यासाठी आणि दुसऱ्यात किमतीच्या हिशेबासाठी वापरली जाते, हे तंत्रज्ञानाच्या इतिहासात वारंवार घडत आले आहे.

ज्वारीचे काय झाले

वर्धा जिल्ह्याची बार्ली म्हणजे ज्वारी. मग विकरांनी ज्वारीस का तारले नाही?

उत्तर ज्वारीच्या रचनेत आहे. तिच्यात चिकटा निर्माण करणाऱ्या शर्करा फारशा नाहीत; त्यामुळे बार्लीत दिसलेला विकरांचा चमत्कार तिच्या बाबतीत दिसण्याचे कारण नव्हते. टॅनिनचा दोष तिला नेहमी चिकटविला जातो, पण तो तांबड्या-तपकिरी दाण्याच्या वाणांचा दोष आहे. आपल्याकडील पांढऱ्या ज्वारीत टॅनिन नगण्य असते. पुस्तकांतून चालत आलेली ही समजूत पशुखाद्याच्या व्यवहारात दीर्घकाळ टिकली आणि तिने ज्वारीचे नुकसान केले, असे स्पष्टपणे म्हणावेसे वाटते. ज्वारीच्या खऱ्या अडचणी तीन. तिचे काफिरिन हे प्रथिन पचण्यास जड असते. पिवळ्या मक्यातील रंगद्रव्य तिच्यात नसल्याने अंड्याचा बलक व कोंबडीची कातडी फिकट दिसते. आणि तिसरी अडचण, जी विदर्भाच्या दृष्टीने निर्णायक ठरली, ती काळ्या पडलेल्या दाण्याची.

विदर्भाची ज्वारी खरिपाची. जुने उंच वाण पाऊस सरल्यावर निसवत, त्यामुळे दाणा कोरड्या हवेत भरे. १९६४ मध्ये प्रसारित झालेल्या सीएसएच-१ पासून संकरित वाणांचे युग सुरू झाले. ते लवकर येत आणि उत्पन्नही भरघोस देत. पण नेमके परतीच्या पावसात सापडत. कणसावर बुरशी चढे आणि दाणा काळा पडे. अशी ज्वारी भाकरीस चालत नाही. ती मद्यार्काच्या कारखान्याकडे किंवा पशुखाद्याकडे स्वस्तात जाते. म्हणजे कोंबडीच्या खाद्यात ज्वारीचा प्रवेश झाला तो नाकारलेले धान्य म्हणून. बुरशीच्या विषाची भीती आणि पुरवठ्याची अनिश्चितता यांमुळे खाद्य कारखानदाराने तिच्यावर विसंबून राहणे टाळले. २००५ मध्ये इक्रिसॅटच्या पुढाकाराने ज्वारी व बाजरीचा कुक्कुटखाद्यात वापर वाढविण्याचा प्रकल्प हाती घेण्यात आला आणि परभणीच्या कृषी विद्यापीठाचा त्यात सहभाग होता. तोवर वर्धा जिल्ह्यातील ज्वारीचे क्षेत्र झपाट्याने आटत चालले होते. रानडुकरांचा उपद्रव, सोंगणीला न मिळणारा मजूर आणि सोयाबीनचा रोख पैसा यांपुढे ती टिकली नाही. तिच्याबरोबर कडबा गेला, आणि कडब्याबरोबर बैल.

सरकीच्या ढेपेचे भाग्यही कोंबडीच्या बाबतीत उघडले नाही. गाय-म्हैस पचवू शकते ते गॉसिपॉल कोंबडीस बाधते आणि अंड्याच्या बलकाचा रंग बिघडविते. कापसाच्या जिल्ह्यातील ढेप जिल्ह्यातल्या कोंबडीस निरुपयोगी ठरावी, हा योगायोग नव्हे. रवंथ करणाऱ्या पोटाचा आणि न करणाऱ्या पोटाचा तो फरक आहे.

सोयाबीनचे परतणे

इलिनॉय विद्यापीठाच्या सहकार्याने पंतनगर व जबलपूर येथे साठच्या दशकात सोयाबीनचे काम सुरू झाले आणि १९६७ मध्ये अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्प उभा राहिला. मध्य प्रदेशात पीक स्थिरावल्यावर ते सातपुडा ओलांडून विदर्भात उतरले. १९९४ मध्ये अधिसूचित झालेला जबलपूरचा जेएस-३३५ हा वाण येथे विशेष रुजला. त्याच सुमारास मांसल कोंबडीचा धंदा पसरत होता. १९७१ मध्ये डॉ. बी. व्ही. राव यांनी वेंकटेश्वरा हॅचरीज सुरू केल्यापासून संकरित पिलांचा पुरवठा वाढत गेला आणि पुढे करारपद्धती आली. त्या पद्धतीत पिले, खाद्य व औषधे कंपनीची, शेड व श्रम शेतकऱ्याचे, आणि मोबदला किलोच्या वजनावर.

खाद्याचे सूत्र मोठ्या प्रमाणावर मका आणि सोयाबीन पेंड यांवर स्थिर झाले. पन्नास ते साठ टक्के मका, पंचवीस ते पस्तीस टक्के पेंड, उरलेले तेल, क्षार, जीवनसत्त्वे आणि विकरे. हे सूत्र संगणकावर ठरते. कमीत कमी खर्चाच्या आहाराचे गणित १९५१ मध्ये फ्रेडरिक वॉ यांनी दुभत्या जनावरांसाठी मांडले होते. आज प्रत्येक खाद्य कारखान्यात तेच चालते. या गणितात विकरालाही एक आकडा दिला जातो. अमुक मात्रेत फायटेज घातले तर इतके स्फुरद, इतके कॅल्शियम, इतकी अमिनो आम्ले सुटतील असे गृहीत धरून तितका कच्चा माल कमी केला जातो. प्रोटिएज घातल्यास पेंडीचा वाटाही काहीसा खाली येतो. म्हणजे फिनलंडमध्ये ज्याने स्थानिक धान्यास आत घेतले, तेच साधन येथे शेतमालाचे प्रमाण घटविण्याचेही साधन होते. करारातील कुक्कुटपालकास पोत्यात काय आहे हे ठरविण्याचा अधिकार नाही, आणि ज्याने सोयाबीन पिकविले त्यास तर या सूत्राचा पत्ताही नसतो. खळ्यावरच्या कोंबडीचा आहार कोंबडी ठरवीत होती. त्यानंतर तो ठरविण्याची जागा गावाबाहेर गेली.

याचा प्रत्यय २०२१ मध्ये आला. त्या वर्षी ऑगस्टच्या प्रारंभी सोयाबीनचा दर क्विंटलला दहा हजार रुपयांच्या आसपास पोहोचला होता आणि पेंडीच्या भावाने कुक्कुट उत्पादक हवालदिल झाले होते. त्यांच्या संघटनांच्या मागणीवरून केंद्र शासनाने जनुकीय परिवर्तित सोयाबीनच्या १२ लाख टन पेंडीच्या आयातीस परवानगी दिली. लागोपाठ नवे पीक बाजारात आले आणि दर निम्म्यावर उतरले. आयातीमुळे किती आणि आवकेमुळे किती घसरण झाली याबद्दल मतभेद होऊ शकतात. परंतु कोंबडी उत्पादक आणि सोयाबीन उत्पादक हे दोघेही शेतकरीच असून एकाची आवक ही दुसऱ्याचा खर्च आहे, हे त्या दोन महिन्यांत हिंगणघाट-आर्वीच्या शेतकऱ्यासही वर्तमानपत्रांतून कळून चुकले. कुमारप्पांनी १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इकॉनॉमी ऑफ परमनन्स’ या ग्रंथात संतुलित शेतीची जी मांडणी केली, तीत परिसराच्या अन्नाची गरज प्रथम आणि बाजाराचे पीक नंतर असा क्रम होता. ज्या मगनवाडीत त्यांनी हे विचार घडविले तेथून सोयाबीनची शेते फार लांब नाहीत.

त्यानंतरचा बदल आणखी वेगळ्या दिशेने आला. इथेनॉलसाठी मका वळविण्याचे धोरण २०२३ पासून जोरात आले. मक्याचे भाव चढले आणि इथेनॉल कारखान्यांतून उरणारा, डीडीजीएस या नावाने ओळखला जाणारा वाळविलेला चोथा स्वस्तात उपलब्ध झाला. त्यात प्रथिन भरपूर, पण तंतुमय भागही तितकाच. तो पचविण्यासाठी झायलनेज व तत्सम विकरांची गरज वाढली आणि खाद्याच्या सूत्रात तो सोयाबीन पेंडीच्या जागी बसू लागला. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. विदर्भातील बाजार समित्यांत त्या हंगामात बराच काळ त्याहून कमी दराने सौदे झाले.